पडत्या वस्तूचा वेग : सरासरीचा आणि क्षणाचा

गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. तलाव विपुल असले तरी उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जातेच आणि गावोगावी जुन्या विहिरी खोल करण्याची कामे निघतात. विहिरीच्या तळाशी दोन-तीन मजूर पहारीने मुरूम फोडीत असतात. वर यारी किंवा साधी कप्पी लावलेली असते. भरलेले घमेले वर जाते, रिकामे खाली येते. उपसलेल्या दगडमातीचा ढीग मात्र पुष्कळदा काठालगतच वाढत जातो. अशा ढिगातून एखादा दगड निसटून खाली गेला, तर तळाशी असलेल्या माणसाच्या दृष्टीने दोन प्रश्न जिवाभावाचे ठरतात. दगड खाली पोहोचण्यास किती वेळ लागेल, हा पहिला. आणि तो किती जोराने आदळेल, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाचा संबंध सरासरी वेगाशी आहे, दुसऱ्याचा तात्कालिक वेगाशी. शाळेच्या पुस्तकात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात आणि दोहोंची एकके एकच असल्यामुळे त्यांतील भेद किरकोळ वाटतो. पडत्या वस्तूच्या बाबतीत मात्र हा भेद मुळीच किरकोळ नाही.

सरासरी वेग म्हणजे काय ?

एक परिचयाचे उदाहरण घेऊ. लोहमार्गाने गोंदिया ते नागपूर हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. एखाद्या गाडीने ते दोन तासांत तोडले, तर तिचा सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटर झाला. परंतु गोंदिया स्थानकातून सुटताना गाडीचा वेग शून्य होता, वाटेतील थांब्यांवर तो पुन्हा शून्य झाला आणि मोकळ्या मार्गावर तो ताशी ६५ किलोमीटरच्या पुष्कळ वर गेला. सरासरी वेग एकूण अंतर आणि एकूण वेळ यांचा हिशेब सांगतो. प्रवासातील एखाद्या विशिष्ट क्षणी गाडी कशी धावत होती, हे तो सांगत नाही. इंजिनातील वेगमापकाचा काटा जे दाखवितो, तो त्या क्षणीचा म्हणजेच तात्कालिक वेग होय.

गाडीचा वेग कमी-जास्त करणे चालकाच्या हाती असते. पडत्या दगडाला चालक नाही. पृथ्वीचे आकर्षण त्याला अखंडपणे खाली ओढीत असते आणि त्यामुळे त्याचा वेग प्रत्येक सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वाढत जातो. यालाच गुरुत्व त्वरण म्हणतात. हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवला, तर सुटल्यापासून दगडाने किती अंतर तोडले हे काढण्याचा नियम सोपा आहे. सेकंदांच्या संख्येचा वर्ग करावयाचा आणि त्यास ४.९ ने गुणावयाचे, की अंतर मीटरमध्ये मिळते.

दीड सेकंदाची कहाणी

आता ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट खोल अशी कोरडी विहीर डोळ्यांपुढे आणावी. वरील नियमानुसार काठावरून निसटलेला दगड तिच्या तळाशी पोहोचण्यास दीड सेकंद लागतो. या दीड सेकंदाचे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तीन भाग केले असता पुढील कोष्टक तयार होते.

पहिला अर्धा सेकंद : तोडलेले अंतर १.२२५ मीटर, सरासरी वेग २.४५ मीटर प्रतिसेकंद.

दुसरा अर्धा सेकंद : तोडलेले अंतर ३.६७५ मीटर, सरासरी वेग ७.३५ मीटर प्रतिसेकंद.

तिसरा अर्धा सेकंद : तोडलेले अंतर ६.१२५ मीटर, सरासरी वेग १२.२५ मीटर प्रतिसेकंद.

तीन अंतरांची बेरीज ११.०२५ मीटर भरते. या अंतरांचे परस्परांशी प्रमाण १ : ३ : ५ असे आहे. चौथा अर्धा सेकंद मिळाला असता, तर त्यातील अंतर ७ च्या प्रमाणात भरले असते. विषम संख्यांचा हा क्रम इटलीतील शास्त्रज्ञ गॅलिलिओ याने उतरत्या फळीवरून गोळे सोडून आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजून पडताळून पाहिला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने तो मांडला. सरळ पडणारी वस्तू मोजता येऊ नये इतक्या त्वरेने जाते; म्हणून उताराच्या साहाय्याने तिची गती मंद करावयाची, ही त्याची युक्ती होती.

या कोष्टकाचा अर्थ तळाशी उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने वाचून पाहावा. दगड निसटल्याचे वरच्या माणसाच्या ध्यानात येऊन तो ओरडेपर्यंत अर्धा सेकंद गेला आणि ती हाक ऐकून खालचा माणूस सावध होईपर्यंत आणखी अर्धा सेकंद गेला, असे मानू. या एका सेकंदात दगड ४.९ मीटर खाली आलेला असतो. म्हणजे विहिरीची निम्म्याहून अधिक खोली अजून शिल्लक आहे, असे दिसते. परंतु उरलेले सहा मीटर तो पुढच्या अवघ्या अर्ध्या सेकंदात संपवितो. ‘अर्धी विहीर बाकी आहे, म्हणजे अर्धा वेळ बाकी आहे’ हा मनाचा हिशेब येथे फसतो.

क्षणाचा वेग कसा काढावा ?

संपूर्ण दीड सेकंदाचा सरासरी वेग ७.३५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे २६ किलोमीटर येतो. मग नेमक्या एका सेकंदाच्या क्षणी दगडाचा वेग किती होता ? येथे एक अडचण उभी राहते. वेग काढावयाचा तर अंतराला वेळेने भागावे लागते. परंतु एका क्षणात वस्तू काहीच अंतर तोडीत नाही आणि त्या क्षणाला काही लांबीही नसते. शून्याला शून्याने भागून उत्तर मिळत नाही.

या अडचणीतून वाट काढावयाची ती अशी. क्षण मोजता येत नसेल, तर त्याच्या भोवतीचा काळ घ्यावा आणि तो लहान लहान करीत जावा. एका सेकंदापासून पुढचा अर्धा सेकंद घेतला, तर सरासरी वेग १२.२५ येतो. पुढचा एक दशांश सेकंद घेतला, तर दगड १.०२९ मीटर जातो आणि सरासरी वेग १०.२९ येतो. एक शतांश सेकंद घेतला, तर ९.८४९; एक सहस्रांश घेतला, तर ९.८०४९.

आता अलीकडच्या बाजूने यावे. एका सेकंदापूर्वीचा एक दशांश सेकंद घेतला, तर सरासरी वेग ९.३१ येतो, एक शतांश घेतला, तर ९.७५१, एक सहस्रांश घेतला, तर ९.७९५१. पुढच्या बाजूचे आकडे वरून खाली येत आहेत, मागच्या बाजूचे खालून वर चढत आहेत आणि दोन्ही बाजू ९.८ या एकाच संख्येला कोंडीत पकडीत आहेत. ही संख्या म्हणजेच एका सेकंदाच्या क्षणीचा तात्कालिक वेग. तो मोजपट्टीने मिळालेला नाही. सरासरी वेगांची मालिका ज्या सीमेकडे जाते, ती सीमा म्हणजे तो वेग होय. कलनगणिताचा पाया याच कल्पनेवर उभा आहे. सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निट्झ यांनी त्याला पूर्ण शास्त्राचे रूप दिले.

‘तात्कालिक’ शब्दाची परंपरा

‘तात्कालिक’ हा शब्द मात्र इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या भाषांतरासाठी घडविलेला नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ या ग्रंथात ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केलेला आहे. आज आणि उद्या या दोन दिवसांतील ग्रहाच्या स्थानांचे अंतर काढले, की त्याची दिवसाची गती मिळते. ही स्थूल गती, म्हणजे एका दिवसाची सरासरी. चंद्राच्या बाबतीत मात्र ती पुरेशी ठरत नाही. चंद्र आकाशात दिवसाला सुमारे १२ ते १५ अंश सरकतो आणि त्याची गती सतत बदलत असते. तिथी नेमकी केव्हा संपते हे सूक्ष्मपणे काढावयाचे, तर त्या वेळची गती हवी, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट केले.

याचा अर्थ त्यांनी संपूर्ण कलनगणित निर्माण केले होते, असा घेणे योग्य नव्हे. पडत्या दगडाचा नियमही त्यांच्या ग्रंथात नाही. परंतु एका दिवसाची गती निराळी आणि त्या क्षणाची गती निराळी, हा भेद त्यांनी गरजेतून ओळखला होता. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला. तसा उल्लेख असलेला इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

शेवटचा वेग सरासरीच्या दुप्पट

पुन्हा विहिरीकडे वळू. दीड सेकंदाच्या शेवटी, म्हणजे दगड तळाला टेकण्याच्या क्षणी त्याचा वेग १.५ गुणिले ९.८, म्हणजे १४.७ मीटर प्रतिसेकंद असतो. ताशी हिशेब केला, तर तो सुमारे ५३ किलोमीटर भरतो. सरासरी वेग ताशी २६ आणि आघाताचा वेग ताशी ५३. म्हणजे बरोबर दुप्पट. हे याच विहिरीपुरते खरे नाही. स्थिर अवस्थेतून सुटून मुक्तपणे पडणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या बाबतीत शेवटचा वेग सरासरी वेगाच्या दुप्पट असतो. वेग शून्यापासून एकसारखा वाढत गेल्यामुळे सरासरी नेमकी मधोमध पडते. समप्रमाणात वाढणाऱ्या वेगाचा हा नियम चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील पंडितांनी शोधला होता आणि फ्रान्समधील निकोल ओरेम याने आकृती काढून तो सिद्ध केला होता.

मात्र ‘मधोमध’ या शब्दाने येथे गोंधळ होऊ शकतो. सरासरीइतका वेग दगडाला निम्म्या वेळी, म्हणजे पाऊण सेकंदाने येतो. निम्म्या खोलीवर नव्हे. पाऊण सेकंदात तो केवळ २.७६ मीटर, म्हणजे एक चतुर्थांश खोली उतरलेला असतो. उरलेली तीन चतुर्थांश विहीर तो सरासरीहून अधिक वेगानेच पार करतो. माणूस उभा असतो तो याच भागाच्या शेवटी.

आघाताचा जोर वेगाबरोबर नव्हे, तर वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. एक किलोग्रॅम वस्तुमानाच्या दगडाची तळाशी असणारी गतिज ऊर्जा सुमारे १०८ ज्यूल भरते. सरासरी वेग घेऊन हिशेब केला असता तो आकडा केवळ २७ ज्यूल आला असता. वेगाची चूक दुप्पट, तर धोक्याच्या अंदाजाची चूक चौपट. अकरा किलोग्रॅम वजन एक मीटर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ऊर्जा हा एक किलोचा दगड क्षणार्धात डोक्यावर सोपवितो.

हाच नियम उंचावरून पडणाऱ्या माणसालाही लागू आहे. चिंच झोडपण्यासाठी झाडावर किंवा कवेलू फेरण्यासाठी छपरावर चढलेला माणूस १६ फुटांवरून, म्हणजे सुमारे ४.९ मीटरवरून पडला, तर तो एका सेकंदात जमिनीवर येतो. त्याचा सरासरी वेग ताशी १८ किलोमीटरहूनही कमी असतो. सायकलस्वाराला हा वेग काही विशेष वाटणार नाही. परंतु जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटर झालेला असतो.

दगड टाकून खोली मोजताना

खोल, अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून आवाज केव्हा येतो हे पाहावयाचे आणि त्यावरून खोलीचा अंदाज करावयाचा, ही रीत जुनी आहे. विहिरीत कोणी नाही याची खात्री करूनच ती अवलंबावी, हे सांगावयास नकोच. या रीतीतही तात्कालिक वेग आपले महत्त्व दाखवितो. ११ मीटरवरून आवाज वर येण्यास सुमारे ०.०३ सेकंद लागतात. तेवढा वेळ वजा केला नाही, तर खोली सुमारे अर्धा मीटर जास्त येते. घड्याळ थांबविणाऱ्याच्या हातून दोन दशांश सेकंदाचा उशीर झाला, तर खोली सुमारे ३ मीटर जास्त येते. वेळेतील लहानशा चुकीला शेवटच्या तात्कालिक वेगाने गुणले, की खोलीतील चूक मिळते. सरासरी वेगाने गुणून चालत नाही. विहीर जितकी खोल, तितका हा वेग मोठा आणि तितकाच सेकंदाचा हिशेब काटेकोर हवा.

हवेचा हात

आतापर्यंतच्या हिशेबात हवा विचारात घेतलेली नाही. विहिरीतील दगडापुरते ते चालते. परंतु प्रत्येक पडती वस्तू दगड नसते. चैत्राच्या सुमारास गोंदियाच्या जंगलात पहाटे मोहफुले गळतात. ती वेचणाऱ्यांच्या टोपलीत पडणारे फूल आणि त्याच झाडावरून भिरभिरत येणारे वाळके पान यांच्या पडण्यात केवढा फरक दिसतो ! वेग वाढेल तसा हवेचा विरोधही वाढत जातो. विरोध आणि वजन समान झाले, की वेग वाढणे थांबते आणि वस्तू एकसारख्या वेगाने खाली येत राहते. या वेगाला अंत्य वेग असे म्हणतात. या अवस्थेत तात्कालिक वेग प्रत्येक क्षणी सारखाच असतो.

पावसाचा थेंब एक किलोमीटर उंचीवरून हवेच्या विरोधाविना पडला असता, तर तो ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळला असता आणि धानाची रोवणी चाळणीसारखी झाली असती. प्रत्यक्षात मोठ्यात मोठ्या थेंबाचा वेगही सेकंदाला सुमारे ९ मीटरच्या पुढे जात नाही.

खळ्यावरील उफणणीत शेतकरी याच तत्त्वाचा उपयोग पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. सुपातून धान वाऱ्यावर सोडले, की भरलेला दाणा लवकर खाली येतो, कारण त्याचा अंत्य वेग मोठा असतो. पोचट दाणा आणि भुसा यांचा अंत्य वेग लहान असल्याने ते हवेत अधिक वेळ राहतात आणि वारा त्यांना दूर नेऊन टाकतो. उंची तीच, वारा तोच. निवडणी होते ती वेगातील फरकामुळे. मळणीयंत्रातील पंखाही हेच काम करतो.

सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळचा हाजरा धबधबा पावसाळ्यात पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. वर सलग असणारी धार खाली येता येता तुटत, विखुरत जाते. हवेचे झोत त्यास कारण आहेतच. परंतु मूळ कारण वेगवाढीत आहे. एक दशांश सेकंदाच्या फरकाने निघालेल्या दोन थेंबांपैकी दुसरा निघतो, तेव्हा पहिला केवळ ५ सेंटिमीटर पुढे असतो. एका सेकंदानंतर, हवेचा विरोध वगळता, हेच अंतर एक मीटरहून अधिक होते. पुढचा थेंब प्रत्येक क्षणी मागच्याहून अधिक वेगवान असल्यामुळे धार ताणली जाते आणि शेवटी तुटते.

शाळेत करावयाचा प्रयोग

तात्कालिक वेगाची कल्पना विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. भिंतीवर खडूने दर १० सेंटिमीटरला रेघ ओढून २ मीटरची पट्टी आखावी. तिच्यासमोर चेंडू सोडावा आणि मोबाईल फोनने त्याचे चित्रण करावे. साध्या चित्रणात सेकंदाला ३० चित्रे येतात, चेंडू ०.६४ सेकंदात खाली येत असल्याने सुमारे १९ चित्रे मिळतात. लागोपाठच्या दोन चित्रांतील अंतर मोजून त्यास ३० ने गुणले, की त्या अल्प काळाचा सरासरी वेग मिळतो. हे अंतर चित्रागणिक कसे वाढत जाते, ते विद्यार्थ्यांनी स्वतः लिहून काढावे. शेवटी वेग सेकंदाला ६ मीटरच्या थोडा वर आणि संपूर्ण पतनाचा सरासरी वेग त्याच्या निम्मा, असे आढळेल. मंदगती चित्रणात सेकंदाला २४० चित्रे मिळत असतील, तर काळाचा तुकडा आठपट लहान होतो आणि उत्तर क्षणाच्या वेगाच्या अधिक जवळ जाते. सीमेची कल्पना अशा रीतीने डोळ्यांना दिसते.

हिशेबातून येणारी दक्षता

या विवेचनातून निघणारे व्यवहाराचे नियम थोडे आहेत, परंतु ते पाळणे अगत्याचे आहे. उपसलेली दगडमाती काठापासून दूर टाकावी. काठाला पायाच्या उंचीची तरी फळी किंवा कठडा असावा, म्हणजे घरंगळणारा दगड तेथेच अडेल. घमेले वर-खाली जात असताना त्याच्या बरोबर खाली कोणी उभे राहू नये. दोर, कप्पी आणि आकडा रोज काम सुरू करण्यापूर्वी तपासावा.

तळाशी उतरणाऱ्याने शिरस्त्राण घालावे. शिरस्त्राण दगडाचा वेग कमी करीत नाही. ते दगडाला थांबण्यासाठी थोडे अधिक अंतर देते. थांबण्याचे अंतर एक सेंटिमीटरऐवजी तीन सेंटिमीटर झाले, तर आघाताचे सरासरी बल सुमारे एक तृतीयांश होते आणि ते डोक्याच्या मोठ्या भागावर पसरते. तथापि शिरस्त्राण हे अखेरचे कवच आहे. पहिले संरक्षण म्हणजे दगड निसटूच न देणे.

दीड सेकंदात माणसाला फारसे काही करता येत नाही. दगड सुटल्यानंतरचा सगळा हिशेब गुरुत्वाकर्षणाच्या हाती जातो आणि तो हिशेब कधी चुकत नाही. माणसाच्या हाती असतो तो दगड सुटण्यापूर्वीचा वेळ, आणि काठ मोकळा करण्यास तो पुरेसा असतो.